ऐंशी टक्के माय

...न्हाई, पण तुमीच मला सांगा, फोनवर सहा आकडे सांगणं ह्याला गुन्हा म्हणतेत का? चोरी कशाला म्हणतेत, कुणाच्या घरात शिरावं, कुलूप तोडावं, कुणाच्या खिशात हात घालावा, ह्याला म्हणतेत. मी काय केलं? मी भर दुपारी चौथीच्या वर्गात फळ्यावर अपूर्णांक शिकवायलो, खिशातला फोन थरथरला, पलीकडून परमेश्वर म्हणायलाय, "सर, एक ओटीपी आला असंल बगा, तेवढा सांगा," मी सांगितला, फोन खिशात ठिवला, खडू उचलला, तीन चतुर्थांश अधिक एक चतुर्थांश बरोबर किती रं पोरांनो... आन संपलं. तीन वर्षं, तीन येळा. मी नुसता ओटीपी सांगितला.

तुमाला सांगतो, बावीस वर्षं झाली मला नोकरीला. बजरंग सर म्हणलं की मानवत तालुक्यात चार माणसं नमस्कार करतेत. जिल्हा परिषदेची शाळा, दोन शिक्षक, एकेचाळीस लेकरं. मी राहतो मानवतला, शाळा तिथून चौदा किलोमीटर, रोज मोटारसायकलवर जाऊन-येऊन. आता कागदावर म्हणाल तर मी शाळेच्या गावातच राहतो. तसा ग्रामसभेचा ठराव हाय, सरपंचाची सही हाय, शिक्का हाय, की सदर शिक्षक मुख्यालयी मुक्कामी राहतात. नसता घरभाडं मिळत न्हाई. त्या गावात माझी एक खोली बी हाय कागदावर, तिच्यात मी बारा वर्षांपासून राहायलोय आन तिचं दार कंच्या अंगाला हाय हे मला ठाव न्हाई. हे कामून सांगायलो, तर आमच्यात कागदावरचा माणूस वेगळा आन पायावर चालणारा वेगळा, ही रीतच हाय. त्यात कुणाला काय वाटत न्हाई. मलाबी वाटत नव्हतं.

तर जुलै महिना लागला की आमी सगळे शिक्षक परमेश्वराकडं. देव न्हवं, परमेश्वर म्हणजे मानवतच्या स्टँडजवळचा ऑनलाइन सेंटरवाला. पीकविमा भरतो, रेशनकार्डातलं नाव दुरुस्त करतो, पासपोर्ट फोटो काढतो, आन आमचं इन्कम टॅक्सचं रिटर्न बी भरतो. शाळेनं वर्षभर किती पगार दिला आन किती टॅक्स कापला त्याचा कागद असतो, फॉर्म सोळा, आमी तो न्यायचा, त्याच्या टेबलावर टाकायचा, चहा प्यायचा, उठायचं. मग कधीतरी ओटीपी, आन मग महिन्या-दीड महिन्यानं बँकेचा मेसेज. रिफंड आला. कापलेल्या टॅक्सातला काय वापस आला. त्यातले दहा टक्के परमेश्वराचे. दस्तुरच तसा.

आन तो रिफंड आला की आमच्या शिक्षण परिषदेत काय चालतं ठाव हाय का? महिन्यातून एक दिवस केंद्रातले सगळे शिक्षक एका शाळेत जमतेत, गुणवत्तेवर चर्चा करायला. गुणवत्ता राहिली बाजूला, जो येतो तो हेच, "तुमचा किती आला?" कापसाला काय भाव लागला असं विचारावं तसं. "माझा एकवीस." "माझा तीस." "मला सव्वीस हजार," मी म्हणलो पहिल्या वर्षी, जरा छाती काढून. एकटे धम्मानंद सर कोपऱ्यात बसलेले. ते परमेश्वराकडं जात न्हाईत, आपलं आपणच भरतेत. विचारलं, "सर, तुमचा?" म्हणाले, "एकशे नव्वद." कुणीतरी म्हणलं, "हजार?" तर म्हणाले, "न्हाई, रुपये." आमी हसलो. तुमाला सांगतो, मी बी हसलो. म्हणलो, "सर, तुमी गणित शिकवता ना पोरांला?" ते बी हसले आन शेंगदाणे खात बसले.

आता ह्या साली काय झालं, एक दिवस फोनवर इन्कम टॅक्स खात्याचा मेसेज. आपण रिटर्नमध्ये घेतलेल्या वजावटी तपासून घ्या, चुकीच्या असतील तर स्वतः सुधारून भरा. एवढंच. धमकी न्हाई, काय न्हाई, लय नरमाईनं लिहिलेलं. मला आला, दुसऱ्याला आला, तिसऱ्याला आला. आमच्या केंद्राच्या ग्रुपवर सुरू झालं बगा. एक म्हणायलाय, "हे फेक हाय, लिंक दाबू नका." दुसरा म्हणायलाय, "माझ्या मेव्हण्याला बी आलता, त्यानं काय केलं न्हाई, काय झालं न्हाई." तिसऱ्यानं नुसते हात जोडलेले पाठवले. मुख्याध्यापक म्हणाले, "शालेय पोषण आहाराची माहिती आज सायंकाळपर्यंत पाठवा." मला रात्रभर झोप न्हाई. मी काय केलं होतं? मी नुसता ओटीपी सांगितला होता.

गेलो परमेश्वराकडं. म्हणलं दाखव मला, काय भरलंस ते. तो म्हणायलाय, "सर, टेन्शन नका घेऊ, सगळे करायलेत." हे त्याचं रोजचं. म्हणलं, "दाखव." त्यानं स्क्रीन फिरवली. तीन वर्षांची तीन रिटर्नं. त्यात एका ओळीवर बोट ठिवून म्हणाला, "हे बगा, घरात दिव्यांग माणूस सांभाळला की टॅक्सात मोठी सूट, सगळा रिफंड ह्याच्यावर हाय." काय होती ती ओळ? अवलंबून असलेली व्यक्ती, नातं आई, नाव मनकर्णा सटवाजी, दिव्यांगत्व, ऐंशी टक्के वा त्याहून जास्त.

माझी माय हो. मनकर्णाबाई. चौऱ्याहत्तर वर्षांची. जी दिवस उगवायच्या आत उठती, मानवतपासून आमचं वावर तीन किलोमीटर, चालत जाती, चालत येती, ऑटोला पैसे दिलेले तिला आवडत न्हाईत. तिचं म्हायेर चारठाणा. मागल्या वर्षी भाच्याच्या लग्नाला गेलतो तिकडं, तर उन्हाच्या येळी अनवाणी सगळी जुनी देवळं फिरली, प्रत्येक दगडाला हात लावून, "इथं आमी चिंचोके खेळायचो, इथं तुपल्या मामाचं डोस्कं फुटलं होतं," आन मी माझा गुडघा धरून एका पायरीवर बसलेलो, आन ती वरून म्हणायली, "ऊठ की रं, म्हातारा झालास का?" ती माय. तीन वर्षं झाली, सरकारच्या दप्तरी तिला चालता येत न्हाई.

परमेश्वराला म्हणलं, "आता?" त्याच्याकडं उत्तर तयार. "आता काय न्हाई सर, मेसेजला उत्तर द्यायचं न्हाई. आन उद्या कुणी कागद मागितलाच तर आपल्याकडं कागद पाहिजे. सर्टिफिकेट मी बघतो, एक ओळखीचा हाय, मागल्या तारखेचं करून देतो. तुमी फक्त आजीचा एक फोटो आणा. खुर्चीत बसवायचं, हातात काठी द्यायची, एक पाय जरा असा आत घ्यायचा. बस्स." आन हे सांगताना त्यानं खुर्चीत बसून आपला पाय आत घेऊन दाखवला. तेवढ्यात एक शेतकरी आला सातबारा काढायला, तर हा तसाच पाय आत घेऊन प्रिंट काढायलाय.

धम्मानंद सरांला सांगितलं मग. दुसऱ्या कुणाला सांगणार? त्यांनी टोमणा मारला न्हाई, एकशे नव्वदची आठवण दिली न्हाई. फक्त म्हणाले, "संघप्रियाकडं जा." संघप्रिया त्यांची लेक. परभणीला सीए हाय. आन चौथी शिकलीय ती माझ्याच हाताखाली, पहिल्या बाकावर, दोन वेण्या. मला वाटलं बरंय, घरचंच माणूस हाय, गुरुजींसाठी काहीतरी वाट काढंल.

गेलो. पोरगी उठून उभी राहिली, "या गुरुजी, बसा गुरुजी," पाणी दिलं. मी सगळं सांगितलं आन शेवटी म्हणलो, "तर असं झालं बग, ह्याला काय फसवणूक म्हणत न्हाईत ना? कारण मी नुसता ओटीपी सांगितला." तिनं वही बंद केली. म्हणाली, "गुरुजी, तुमी आमाला चौथीत काय सांगायचा? उत्तर चुकलं तर काय करायचा?"

म्हणलं, "पुन्यांदा सोडवायला लावायचो."

"आन बघून लिहिलं तर?"

"उभं करायचो."

"कामून? उत्तर तर बरोबर यायचं की बघून लिहिलेलं."

मी पाण्याचा गिलास उचलला. ती म्हणाली, "कायदा बी तेवढाच हाय, गुरुजी." आन मग तिनं मला समजावून सांगितलं, मी पोरांला सांगतो तसं, हळू, एक-एक. म्हणाली, तुमचा भविष्य निर्वाह निधी हाय, विमा हाय, लेकीची फी हाय, त्याची सूट घेतली, टॅक्स वाचला, ती चोरी न्हाई, ती कायद्यानंच दिलीय, बिनघोर घ्यावी. बँकेचं व्याज दाखवायचं विसरलात, बेरीज चुकली, ती बी चोरी न्हाई, ती चूक, टॅक्स आन व्याज भरायचं, मोकळं व्हायचं. पण जे न्हाईच ते हाय म्हणून लिहिलं, आन लिहिताना माहीत होतं, तर त्याला चूक म्हणत न्हाईत. त्याला टॅक्साच्या दुप्पट दंड लागू शकतो, आन लय झालं तर खटला बी होतो, जेल बी लिहिलेली हाय कायद्यात. रक्कम नंतर बघतेत, गुरुजी. आदी हे बघतेत की माणसाला माहीत होतं का.

मी टेबलावर हात आपटून म्हणलो, "मंग झालं तर! मला माहीतच नव्हतं! परमेश्वरानं भरलं, मी नुसता ओटीपी सांगितला!"

तिनं आवाज चढवला न्हाई. कॉम्प्युटरवर माझंच रिटर्न उघडलं, शेवटाला नेलं, आन म्हणाली, "हे वाचा." इंग्रजीत होतं, तिनं मराठीत सांगितलं. मी, बजरंग, सटवाजी यांचा मुलगा, गांभीर्यपूर्वक घोषित करतो की, माझ्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे, वर दिलेली माहिती बरोबर आणि पूर्ण आहे. "ओटीपी म्हणजे ह्याच्या खालची सही, गुरुजी. परमेश्वर नुसता लिहिणारा. बोलणारे तुमी."

सटवाजी यांचा मुलगा. माझा बाप जाऊन अकरा वर्षं झाली. मार्केटात हमाली केली त्यानं, पोत्यामागं पोतं उचललं, एका दाण्याला हात लावला न्हाई, मला मास्तर केलं. त्याचं नाव घेऊन मी तीन येळा... एकदा तर भर वर्गात... खडू हातात धरून...

मग ती म्हणाली, "गुरुजी, एकच विचारते. पहिल्या वर्षी सव्वीस हजार आले तवा तुमी त्याला विचारलं का, कशाचे आले?"

आता तुमाला खरं सांगतो. तिला बी त्या दिवशी न्हाई सांगितलं, तुमाला सांगायलो. मी विचारलं नव्हतं. कारण मला माहीत होतं. पहिल्या वर्षी मी त्याच्या दुकानात बसलेलो, हातात चहा, परमेश्वर म्हणाला, "सर, घरी म्हातारं कोण हाय?" म्हणलं, "माय हाय." "तब्येत कशी हाय?" म्हणलं, "ठणठणीत हाय, थंडीत जरा गुडघा दुखतो म्हणती." तो म्हणाला, "भागलं." आन टकटक केलं. स्क्रीन माझ्याकडंच होती. मी वाचलं, ऐंशी टक्के. आन मी काय केलं? मी हसलो. म्हणलो, "परमेश्वरा, माझी माय ऐकंल तर चपलीनं मारंल तुला." तो बी हसला. आन मी चहा संपवला. हे असं हाय. मला म्हणाल मास्तर, पोरानं बाजूच्याचं बघून लिहिलं हे तुमी कसं वळखता, तर उत्तर बरोबर आलं की तो हरखत न्हाई, इकडं-तिकडं बघतो. बँकेचा मेसेज आला तवा मी तसंच इकडं-तिकडं बघितलं होतं.

संघप्रियानं आकडा काढला. तीन वर्षांचा टॅक्स, व्याज, आन उशिरा सुधारायलोय म्हणून वरचा जादा कर. एक लाख चौतीस हजार. म्हणाली, "अजून नोटीस न्हाई, नुसता मेसेज हाय, तवर सुधारून भरता येतं. नंतर माझ्या हातात काय राहत न्हाई. आन गुरुजी, ते सर्टिफिकेट करू नका. आतापावतर खोटं लिहिलंय. खोटा कागद केला तर तो दुसराच गुन्हा, त्याला पोलीस येतेत." मी जाता-जाता विचारलं, "आन ते घरभाड्याचं? मुख्यालयाचं?" तिनं दोन्ही हात जोडले. "गुरुजी, आज एकच."

मला राग आला, खोटं कामून बोलू. मोटारसायकलवर परभणी ते मानवत सगळ्या रस्त्यानं मी भांडत आलो. पोरीला मी बाराखडी शिकवली आन ती मला शिकवायलीय. सगळे करायलेत, मलाच कामून? एक लाख चौतीस हजार, लेकीच्या कॉलेजाला ठिवलेले. आन घरी येईस्तोवर माझं ठरलं, की फोटो काढायचा. एक फोटो. त्यानं काय बिघडतंय? बाराखडी शिकवणाऱ्याला काय कमी अक्कल असती का?

रविवारी शेजारच्या लक्ष्मीबाईची काठी मागून आणली. माय अंगणात तूर निवडायली. म्हणलं, "माय, जरा खुर्चीत बस, फोटो काढायचाय." "कामून?" म्हणलं, "योजना हाय." योजना म्हणलं की आमच्याकडं कुणी पुढचं विचारत न्हाई. ती उठली, पदर डोक्यावर नीट घेतला, खुर्चीत बसली. म्हणलं, "ही काठी धर." तिनं काठीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, धरली. म्हणलं, "आन माय... एक पाय जरा आत घे. आखूड असल्यावाणी."

तिनं मला विचारलं न्हाई की कामून. तिनं विचारलं, "कंचा?"

मी म्हणलं, "काय?"

"कंचा पाय, डावा का उजवा? एकदा सांग, म्हंजे नंतर कुणी आलं बघायला तर तोच घेते."

फोन माझ्या हातात. तिनं डावा घेतला, मग उजवा घेऊन बघितला, मग म्हणाली, "तुपल्या कामाला येत असंल तर दोन्ही घेते की, मला काय."

आन तुमाला सांगतो, त्या येळी मला माझ्या वर्गातली निकिता आठवली. तिचा एक पाय जन्मापासून आखूड हाय. तिची माय कडूबाई, दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाती. दिव्यांगाचं प्रमाणपत्र काढायचं होतं, तिला फॉर्म भरता येत न्हाई म्हणून मीच भरला, मीच सोबत परभणीला गेलतो एसटीनं. तपासल्याबिगर देत न्हाईत, बरोबरच हाय. डॉक्टरनं टेप घेतला, पाय मोजायला. आन ते पोरगं काय करायलंय, तर पाय ताणायलंय. जेवढा ताणता येईल तेवढा, टाच पुढं काढून, ओठ दाबून, लांब दिसावा म्हणून. डॉक्टर म्हणाले, "बाळा, मोकळा सोड." ती सोडीना. तिला वाटलं, परीक्षा हाय, पास व्हायचं. कडूबाई तोंडाला पदर लावून भिंतीकडं बघायली. तिला बेचाळीस टक्के मिळाले. येताना एसटीत कडूबाई म्हणाली, "गुरुजी, तुमच्यामुळं झालं," आन त्याच एसटीत, पेडगाव यायच्या आत, परमेश्वराचा फोन. "सर, एक ओटीपी आला असंल बगा." मी सांगितला. ते पोरगं खिडकीला डोकं लावून झोपलेलं, मांडीवर प्रमाणपत्र, बेचाळीस टक्के. आन मी तिच्या शेजारी बसून माझ्या मायला दुसऱ्यांदा ऐंशी टक्के दिले.

एक पोरगं आखूड पाय लांब करायलंय, आन माझी माय चांगला पाय आखूड करून माझ्यापुढं बसलीय, कारण लेकानं सांगितलंय. मी फोन खाली घेतला. म्हणलं, "माय, ऊठ." ती म्हणाली, "झाला का फोटो?" म्हणलं, "न्हाई." आन मी तिथंच खाली बसलो, तुरीच्या सुपाशेजारी, आन सगळं सांगितलं. टॅक्स, रिफंड, परमेश्वर, ऐंशी टक्के, सगळं. रडलो बी. बावन्न वर्षांचा माणूस.

तिनं सगळं ऐकलं. मधीच काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "म्हंजे मी तीन साल लंगडी व्हते?"

"व्हय."

"आन मला कुणी सांगितलंबी न्हाई." मग ती तुरीतले खडे वेचायला लागली. मग म्हणाली, "बापाचं नाव लावलंस का रं त्याच्यावर?" म्हणलं, "लावावंच लागतं, माय." तिनं सूप उचलून मांडीवर घेतलं. चपलीनं मारंल असं वाटलं होतं मला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर परभणीला गेलो. संघप्रियानं तीन वर्षांची तीन रिटर्नं सुधारून भरली, एक लाख चौतीस हजार गेले. लेकीला म्हणलं, हॉस्टेलचं पुढं बघू, सध्या मावशीकडं राहा. तिला तिच्या आजीनं आदीच सांगितलेलं. परमेश्वराला म्हणलं, "माझे दहा-दहा टक्के तर दे." तो म्हणायलाय, "सर, सेवा तर दिली ना?" आन बरोबर हाय त्याचं, सेवा दिली त्यानं. ग्रुपवर मी लिहिलं, की बाबांनो मी सुधारून भरलं, तुमी बी बगा. मला वाटलं कुणी तरी चांगलं म्हणंल. एकजण म्हणायलाय, "सरांनी आपल्याला अडचणीत आणलं." एकानं सत्यवादी हरिश्चंद्राचा फोटो टाकला. आन मग रात्री एकेकाचा फोन, हळू आवाजात, "सर, त्या पोरीचा नंबर हाय का?" सात जणांना दिला मी. बाकीचे वाट बघायलेत, न्हाई होणार काय म्हणून. न्हाई बी होणार, मला काय ठाव. मुख्यालयाचा ठराव यंदाबी आलाय सहीला. टेबलावर ठिवलाय. अजून पुढं सरकवला न्हाई.

आन आता गेल्या आठवड्यात ह्या सालचं रिटर्न भरलं. मी. आपलं आपणच. घरात, मायच्या शेजारी खाटेवर बसून, चष्मा लावून, एकेक ओळ वाचून, दोन तास लागले. पगार, निधी, विमा, फी, बँकेचं व्याज बी, आठशे तीस रुपये. मधीच माय म्हणायली, "यंदा मी कशी हाय रं कागदावर?"

म्हणलं, "चांगली हाय, माय. हातीपायी धड."

"आन किती वापस येणार?"

म्हणलं, "दोनशे साठ."

"हजार?"

"न्हाई. रुपये."

तिनं डावा पाय लांब केला, उजवा लांब केला, दोन्हीकडं बघितलं, आन म्हणाली, "मंग लंगडीच बरी व्हते की रं मी."

आता ह्याच्यावर काय बोलणार तुमी? एवढा कायदा, एवढी चौथीची शिकवण, दंड, व्याज, सगळं समजून घेऊन आलेला माणूस मी. शेवटाची ओळ पुन्यांदा वाचली, सटवाजी यांचा मुलगा, आन नुसता ओटीपी टाकला.